गोचीड ताप: ताप उतरला म्हणजे गाय बरी झाली असं समजू नका, या चुका टाळा

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आमच्या एका एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाईचं दूध 14 लिटरवरून तीन दिवसांत 6 वर आलं, अंग तापलेलं, म्हणून आम्ही मेडिकलमधून तापाचं इंजेक्शन आणून टोचलं, संध्याकाळी वैरण खायला लागली, आम्ही निवांत. तिसऱ्या दिवशी परत 105 ताप आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी. थायलेरिया निघाला, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला आजार. गाय वाचली, पण त्या वेतात दूध परत चढलंच नाही.

पहिली चूक हीच. थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, तिन्ही गोचिडातून रक्तात येतात पण औषध वेगळं. थायलेरियाला बुपारव्हाकोन, बबेसियाला डायमिनाझिन, अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, आणि डोस डॉक्टरांनीच वजनावर ठरवायचा. म्हणून काहीही टोचायच्या आधी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायला लावा. पुण्यात औंधला पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे, सरकारी दवाखान्यातून नमुना तिकडं पाठवता येतो. डॉक्टर जवळ नसेल तर 1962 या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाईनला फोन लावा.

धार काढायला बसण्याआधी गाईची खालची पापणी जरा ओढून बघायची सवय लावा. आतून गुलाबी असली तर ठीक, फिकट दिसली की सावध व्हा, आणि कागदासारखी पांढरी किंवा पिवळसर झाली असेल तर तांबड्या पेशी बऱ्याच फुटल्यात असं समजा. अशी गाय चार पावलं चालली तरी धापा टाकते, गाभण असेल तर गाभडू शकते.

लघवी लाल किंवा कॉफीसारखी दिसली की सगळे बबेसिया म्हणतात. पण नुकत्याच व्यालेल्या म्हशीत, गाईत फॉस्फरस कमी पडूनही तसंच होतं, आणि त्यात सहसा ताप नसतो. थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, गोठ्यात ठेवाच.

आता गोचीड. हातानं उपटून तिथंच गोठ्यात टाकतात, हे बघून खरंच जीव तुटतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडली की फटीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते, म्हणजे नुसत्या गाईवर गोचीडनाशक फवारून काय उपयोग? भिंतीच्या फटी, गव्हाणीचा खालचा भाग, दगडांच्या सांदी, सगळीकडं फवारा, फटी सिमेंटनं बुजवा. औषधाचं प्रमाण बाटलीवरचंच घ्या, भर उन्हात मारू नका, आणि अंड्यातून नवीन पिल्लं निघतात म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी परत मारा. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या मागं जास्त बघा.

एकच सुई सगळ्या गोठ्याला वापरू नका, अ‍ॅनाप्लाझ्मा सुईवरून पण पसरतो. चाकणच्या बाजारातून किंवा कुठूनही आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. खिल्लारसारखं देशी जनावर वरून ठणठणीत दिसतं, तरी रक्तात परजीवी असू शकतात. बरी झालेली गायसुद्धा महिनोन्‌महिने वाहक राहते, त्यामुळे तिच्या अंगावर गोचीड राहू देऊ नका.

संकरित वासरं दोन महिन्यांच्या पुढं गेली की थायलेरियाच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. आमच्याकडं आता प्रत्येक कालवडीला देतो.