घरातील दवबिंदू: ऋतूनुसार पाणी, उजेड आणि निगा

दवबिंदूचे (सनड्यू) कीटकभक्षी रोप घरात वाढवणाऱ्यांनी रोज नवी पाने पाहावीत. पानांवरच्या केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब टपोरे असतील तर रोपाचे ठीक चालले आहे. थेंब आटले तर आधी उजेड आणि पाणी तपासा, खताकडे मात्र वळू नका. हे झाड निकस, पाणथळ जमिनीतले आहे, नत्र ते किड्यांकडून मिळवते. शेणखत, गांडूळखत किंवा बागेतली माती घातली की मुळे खराब होतात. खत न मिसळलेले पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) समप्रमाणात घ्या.

सर्वांत जास्त रोपे पाण्यामुळे जातात. नळाचे किंवा बोअरचे पाणी उकळून, गाळून चालत नाही, कारण विरघळलेले क्षार त्यात राहतातच. पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी द्या. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भाग) आत हवा. घरगुती आरओत क्षार परत मिसळायची सोय असते, त्यामुळे मीटर लावून खात्री करा. बहुतेक पिकांना वाफसा लागतो, याला सतत ओल लागते. कुंडी ताटलीत ठेवून तळाशी 1 ते 2 सेंमी पाणी राहू द्या.

उन्हाळ्यात ताटली एक दिवसही कोरडी पडू देऊ नका. सकाळचे ऊन चांगले, पण दुपारी काचेमागे हवा फार तापते, तेव्हा पडदा ओढा. पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतातून कुंडी हलवा.

पावसाळ्यात वर्षभराचे पाणी स्वच्छ भांड्यात साठवून घ्या. ढगाळ दिवसांत रोप लांबुडके, फिकट होते, म्हणून 20 ते 30 सेंमी उंचीवर एलईडी लावून रोज 12 ते 14 तास उजेड द्या. बंद काचपेटी टाळा, बुरशी धरते.

हिवाळ्यात केप सनड्यू या दवबिंदूच्या जातीची वाढ मंदावते. ताटलीतले पाणी कमी करा, ओल टिकवा. गोल पानांची, थंड प्रदेशातली जात मात्र आक्रसून घट्ट कळीसारखी होते. ती मेली समजून फेकू नका. तिला तीन-चार महिने खरी थंडी लागते, म्हणून उबदार घरात केप सनड्यूच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रानातली रोपे कृपया उपटू नका. केप सनड्यू बियांपासून सहज येते. बी धुळीइतके बारीक असते, ते वरच पसरा, झाकू नका.

घरात किडे नसतील तर दोन-तीन आठवड्यांनी मुंगीएवढा किडा किंवा भिजवलेली सुकी ब्लडवर्म (माशांचे खाद्य म्हणून मिळणारी लाल अळी) एखाद्या पानावर ठेवा. केस आधी त्याकडे वळतात, मग काही तासांत पानच त्याच्याभोवती दुमडते. मांसाचा तुकडा, चीज देऊ नका, पान कुजते.

कोवळी पाने वेडीवाकडी येऊ लागली तर मध्यभागी मावा शोधा. कुंडीसकट रोप शुद्ध पाण्यात एक-दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.