पालिका-पंचायतीत निवडून आलेल्या नव्या सदस्यांचे पहिले प्रशिक्षण कसे घ्यावे

पहिल्या सभेआधीच प्रशिक्षण उरका. सत्कार-भाषणांत अर्धा दिवस गेला की अंदाजपत्रकाला वेळ उरत नाही, आणि नवखे नेमके तिथेच अडकतात. त्यांच्याच संस्थेचे चालू अंदाजपत्रक हातात द्या. एकाच रस्त्याचे कागद क्रमाने दाखवा: तरतूद, मंजुरी, निविदा, मोजमाप, देयक. तरतूद म्हणजे खर्चासाठी कागदावर धरलेली रक्कम, तिजोरीतली रोकड नव्हे, हे इथे डोक्यात बसते.

मग लुटुपुटूची सभा घ्या: विषयपत्रिका, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी), सूचक-अनुमोदक (ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा), मतदान. ठराव प्रत्येकाला स्वतः लिहायला लावा. नुसते ‘काम करावे’ लिहिले की रक्कम, ठिकाण, जबाबदार खाते राहून जाते आणि काम लटकते. नातेवाइकाची निविदा असेल तर हितसंबंध आधी जाहीर करायचा, मतदानापासून दूर राहायचे. हे मात्र आडपडदा न ठेवता सांगा.