सार्वजनिक इमारतीत सर्वांसाठी खुले स्वच्छतागृह कसे उपलब्ध करावे

सरकारी कार्यालयात, महाविद्यालयात किंवा नगरपालिकेच्या रुग्णालयात 'पुरुष' आणि 'महिला' या दोन पाट्यांखेरीज कोणालाही वापरता येईल असे एखादे स्वच्छतागृह असावे, असा विषय बैठकीत निघाला की पहिला प्रश्न बहुधा निधीचा येतो. प्रत्यक्षात नव्या बांधकामाची गरज थोड्याच इमारतींत पडते. काम अडते ते कोणती खोली द्यायची, पाटीवर काय लिहायचे आणि किल्ली कोणाकडे राहील, या तीन गोष्टींवर. इमारतीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने, प्राचार्याने किंवा अधीक्षकाने हे काम कोणत्या क्रमाने करावे ते येथे सांगितले आहे.

प्रस्तावाच्या टिपणीत कायद्याचा आधार आरंभीच नमूद करावा, म्हणजे 'असा काही नियम आहे का' या शेऱ्यासह फाईल परत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात निकाल देताना तृतीयपंथी व्यक्तींना रुग्णालयांत वैद्यकीय सेवा आणि स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे मिळावीत, असे निर्देश केंद्र व राज्य सरकारांना दिले. त्यानंतर 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला आणि त्याखालील नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. आस्थापनांमधील स्वच्छतागृहांसह आवश्यक त्या सोयी दोन वर्षांच्या आत निर्माण करण्याची जबाबदारी या नियमांनी सरकारवर टाकली होती. ती मुदत 2022 मध्येच उलटली आहे. न्यायालयांच्या आवारांबाबत तर 15 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी अशा चौघांसाठी सोय करण्याचे स्पष्ट आदेश दिले असून, स्वतःच्या इमारतींत या न्यायालयाने 2023 च्या अखेरीस सर्वांसाठी खुली नऊ स्वच्छतागृहे सुरू केली होती. इतके संदर्भ टिपणीला पुरेसे आहेत.

पुढचे काम पाहणीचे. शाखा अभियंता आणि सफाईचे काम पाहणारा मुकादम यांना बरोबर घेऊन प्रत्येक मजला फिरावा व एका वेळी एकच व्यक्ती वापरते अशी, स्वतंत्र दाराची स्वच्छतागृहे किती आहेत याची नोंद करावी. दालनाला जोडलेली, अभ्यागत कक्षालगतची आणि जुने फर्निचर वा निवडणुकीचे सामान ठेवून गोदाम झालेली, अशी तिन्ही प्रकारची स्वच्छतागृहे त्यात धरावीत. तिसऱ्या प्रकारची संख्या अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त निघते. यातील जाण्यायेण्याच्या वाटेवरची, शक्यतो तळमजल्यावरची एक खोली निवडावी. न्यूयॉर्क शहराने 2016 मध्ये केलेल्या स्थानिक कायद्याचा गाभाही असाच होता: एका व्यक्तीच्या वापराची जी स्वच्छतागृहे आधीच आहेत, त्यांच्यावरची 'पुरुष' किंवा 'महिला' ही पाटी काढून ती सर्वांना खुली करायची. 1 जानेवारी 2017 पासून तो तेथे लागू झाला.

मात्र महिलांचे स्वच्छतागृह घेऊन त्याचे सर्वांसाठी रूपांतर करण्याचा सोपा मार्ग धरू नये. शाळेत मुलांची व मुलींची स्वच्छतागृहे वेगळी असणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि कारखान्यात स्त्री-पुरुष कामगारांची वेगळी असणे आधी कारखाने अधिनियमाने व नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेने बंधनकारक केले आहे. म्हणून नवी सोय ही या दोहोंच्या जोडीला असावी लागते. कायद्याची बाजू सोडली, तरी महिलांसाठी मुळातच कमी स्वच्छतागृहे असल्याची तक्रार घेऊन मुंबईत 'राइट टू पी'ची चळवळ उभी राहिली, हे आपल्याकडे कोणी विसरू नये. दिव्यांगांचे स्वच्छतागृह सर्वांसाठी खुले करण्याबाबत मात्र माझे मत थोडे सैल आहे. छोट्या तालुका कार्यालयात एकच मोठी खोली दोन्ही कामांना चालावी. पण तिचे किमान माप 1.5 मीटर बाय 1.75 मीटर, दार 90 सेंटीमीटर रुंद व बाहेर उघडणारे आणि भिंतीला धरायचे दांडे, यांत तडजोड होता कामा नये, आणि वर्दळीच्या रुग्णालयात दोन खोल्या वेगळ्याच असाव्यात.

खोली ठरली की ती आतून नीट पाहावी. प्लायवुडच्या अर्धवट आडोशाने वेगळा केलेला कप्पा या कामाला चालत नाही. भिंती छतापर्यंत आणि दार जमिनीला जवळजवळ टेकणारे हवे. कडी आतून सहज बसते का, हे दार स्वतः लावून तपासावे, कारण चौकट फुगून कडी कोयंड्यापासून बोटभर लांब राहिलेली असते आणि माणसाला एका हाताने दार धरून बसावे लागते. बाहेरून आपत्कालीन वेळी उघडता येईल असे कुलूप बसवावे. पाण्याचा नळ, जेट किंवा मग-बादली, सॅनिटरी पॅड टाकण्यासाठी झाकणाची कचरापेटी, पिशवी वा पर्स अडकवायला एक खुंटी आणि चालू दिवा एवढे असावेच. मुतारीची भांडी असतील तर ती काढावीत.

पाटीवर 'स्वच्छतागृह – सर्वांसाठी' असे लिहून कमोडचे चित्र द्यावे. 'तृतीयपंथीयांसाठी' अशी स्वतंत्र पाटी लावण्याचा आग्रह अनेक ठिकाणी चांगल्या हेतूने होतो, परंतु त्या दारातून आत जाणाऱ्या व्यक्तीची ओळख तिच्या इच्छेविना सगळ्या रांगेला कळते आणि मग ती व्यक्ती तेथे जाणेच टाळते. वापर नाही म्हणून पुढे त्या खोलीला कुलूप लागते. सर्वांसाठी असलेल्या खोलीत वडिलांना मुलीला नेता येते, सुनेला वृद्ध सासऱ्यांना सोबत करता येते, त्यामुळे वापर आपोआप राहतो व सफाईही होत राहते. किल्ली शिपायाच्या टेबलावर ठेवण्याची पद्धत येथे कटाक्षाने बंद करावी, कारण मागून घ्यावी लागणारी सोय ही निम्मी नाकारलेलीच असते. सुरक्षारक्षकांना लेखी सूचना द्यावी की कोणाकडेही ओळखपत्र मागायचे नाही आणि पुरुषांच्या किंवा महिलांच्या स्वच्छतागृहात जाणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला 'तुमचे तिकडे आहे' म्हणून वळवायचे नाही. सार्वजनिक जागी जाण्यास अटकाव करणाऱ्याला 2019 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये सहा महिने ते दोन वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे, हेही त्या सूचनेत असू द्यावे.

सफाईच्या ठेक्यात या खोलीचे नाव वेगळे लिहून घ्यावे, अन्यथा देयक तपासताना ती कोणाच्याच यादीत सापडत नाही.

नागरिक म्हणून ही सोय मागायची असल्यास आधी कार्यालयप्रमुखाला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने तक्रार मिळाल्यापासून 15 दिवसांत चौकशी करावी आणि अहवालावर आस्थापनाप्रमुखाने पुढच्या 15 दिवसांत कार्यवाही करावी, असे 2020 चे नियम सांगतात. असा अधिकारी नेमलाच नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून त्याच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागावी, आणि 30 दिवसांत येणारे उत्तर, किंवा उत्तर न आल्याची नोंद, जोडून जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे अर्ज करावा.