व्होल्ट म्हणजे काय ते आधी म्हणा, मग गणित सोडवा

दहावीच्या मुलांना वीज शिकवताना मी पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्र लिहीत नाही. दोन वाक्यं पाठ करून घेतो: एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार, आणि एक व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे एक ज्यूल ऊर्जा. दोन्ही वाक्यं भाव सांगतात. कांदा तीस रुपये किलो असेल तर चार किलोचे किती, हे कुणी सूत्रातून काढत नाही. इथेही तसंच आहे.

दोन सेलची जुनी बल्बवाली बॅटरी घ्या. प्रत्येक सेल १.५ व्होल्टचा, एकापुढे एक लावलेले, म्हणून ३ व्होल्ट. बल्बमधून ०.३ अँपिअर धारा वाहते आणि बल्ब ५ मिनिटं जळतो. सगळ्यात आधी मिनिटांचे सेकंद करा: ३००. वहीत माझी लाल शाई सर्वांत जास्त याच पायरीवर लागते. सेकंदाला ०.३ कूलोम, तर ३०० सेकंदांत ९० कूलोम. कूलोममागे ३ ज्यूल, म्हणून सेलनी दिलेली ऊर्जा २७० ज्यूल.

आता मल्टीमीटर लावा. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांना टेकवला तर ३ नव्हे, समजा २.७ व्होल्ट दिसतात. मीटर बिघडलेला नाही. सेललाही आतून स्वतःचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, असतो आणि ०.३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणजे बल्बला मिळाले ९० गुणिले २.७, २४३ ज्यूल, आणि उरलेल्या २७ ज्यूलांनी सेल किंचित तापले. पुस्तकातल्या उदाहरणांत हा रोध बहुधा धरत नाहीत, पण मला हा हिशोब फार मोलाचा वाटतो, कारण एक ज्यूलही हरवत नाही. सेल जुने झाले की आतला रोध वाढतो, म्हणून बल्ब मंदावतो.

मोजताना एवढं सांभाळा: व्होल्ट मोजायचे तर मीटर बल्बला समांतर, अँपिअर मोजायचे तर परिपथ तोडून मीटर एकसरीत. अँपिअरवर ठेवलेला मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावू नका, शॉर्ट सर्किट होतं. आणि घरातल्या सॉकेटवर हे प्रयोग अजिबात नकोत.

दोन रोध असले तर? १० आणि २० ओहम एकसरीत, वर ६ व्होल्ट. एकूण रोध ३० ओहम; धारा म्हणजे व्होल्ट भागिले ओहम, म्हणून ०.२ अँपिअर. एकसरीत दोघांतून प्रभार सारखाच जातो, १० सेकंदांत २ कूलोम. व्होल्ट मात्र २ आणि ४ असे वाटले जातात, म्हणून ऊर्जा ४ आणि ८ ज्यूल. बेरीज १२; बॅटरीनेही ६ गुणिले २, म्हणजे १२च दिले. हा पडताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका. समांतर जोडणीत उलट: व्होल्ट सारखे, प्रभार वाटला जातो.

व्होल्ट काढायचे असतील तर भागाकार. ३० कूलोमनी ३६० ज्यूल दिले, तर १२ व्होल्ट.

मुलं मोबाइलबद्दल हमखास विचारतात. ५००० मिलिअँपिअर-तास ही ऊर्जा नाही, प्रभार आहे: ५ अँपिअर गुणिले ३६०० सेकंद, १८,००० कूलोम. बॅटरी सरासरी ३.८५ व्होल्टची धरली तर ऊर्जा ६९,३०० ज्यूल. वीजबिलातलं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं, म्हणजे चार्जरमध्ये वाया जाणारी वीज सोडली तर एका युनिटात हा फोन पन्नासएक वेळा भरेल.

२०,००० लिहिलेली पॉवर बँक असा फोन चार वेळा का भरत नाही, तेही इथेच कळतं. तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ऊर्जा ७४ वॅट-तास; एक वॅट-तास ३६०० ज्यूलचा, म्हणजे २,६६,४०० ज्यूल, आणि हा फोन चार वेळा भरायला २,७७,२०० लागतात. बाहेर ५ व्होल्टने द्यायची तर प्रभार उरतो १४,८०० मिलिअँपिअर-तास, आणि व्होल्ट बदलताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते ती वेगळी.