ताउलचे सां क्लिमेंत चर्च कसे पाहावे

स्पेनमधील कातालोनियाच्या पिरेनीज पर्वतात, बोई खोऱ्यातील ताउल या गावी असलेले हे छोटे चर्च पाहताना सुरुवात बाहेरून, सहा मजली चौकोनी मनोऱ्यापासून करावी. मजल्यागणिक खिडक्यांच्या कमानींची रचना कशी बदलते, हे जरा मागे सरकून न्याहाळले की उत्तर इटलीतून आलेल्या लोम्बार्ड बांधकामशैलीची ओळख पटते.

आत गेल्यावर थेट गर्भगृहाकडे धाव घेऊ नये. आधी खांबांकडे पाहावे, कारण १० डिसेंबर ११२३ रोजी झालेल्या चर्चच्या अभिषेकाची, म्हणजे ते पवित्र करण्याच्या विधीची, नोंद एका खांबावरच रंगवलेली होती. गर्भगृहातील मूळ भित्तिचित्रे १९१९ ते १९२३ या काळात, चित्रावर कापड चिकटवून रंगाचा थर सोलून काढण्याच्या पद्धतीने उतरवण्यात आली आणि ती आता बार्सिलोनातील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. चर्चमध्ये प्रकाशझोताने भिंतीवर दाखवले जाणारे चित्र उत्तम आहे, पण माझ्या मते संग्रहालयाची फेरी चुकवू नये.

तिथे ख्रिस्ताच्या हातातील उघड्या पुस्तकावरची ‘मी जगाचा प्रकाश आहे’ या अर्थाची लॅटिन अक्षरे वाचावीत, वस्त्राच्या चुण्यांमधील रेषांची शिस्त पाहावी, आणि मग कमानीवरच्या लाझारसपाशी, म्हणजे बायबलमधील दृष्टान्तातल्या गरीब भिकाऱ्यापाशी, थांबावे: त्याच्या जखमा चाटणारा तो सडपातळ कुत्रा मला मधल्या भव्य आकृतीइतकाच मोलाचा वाटतो. ख्रिस्ताचे प्रतीक असलेले सात डोळ्यांचे कोकरूही शोधावे. ते वर, कमानीत आहे.