वैशाख ते मृग: ऊन कामाला लावा, पेरणीची घाई टाळा

मे महिन्यात मोकळ्या रानावर पडणारं ऊन विजेच्या युनिटमध्ये मोजून बघा. पठारावरच्या जिल्ह्यांत निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण साडेसहा ते सात युनिट ऊर्जा उतरते. एकराचा हिशेब केला तर रोज २६ ते २८ हजार युनिट. मीटर नाही, बिल नाही, भारनियमन नाही. ही ऊर्जा जमीन तापवते, हवा तापवते आणि जिथे ओल असेल तिथे पाण्याची वाफ करते. यातली किती कुठे जाऊ द्यायची हे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हातात असतं. पेरणीपूर्वीची निम्मी कामं याच एका विचाराभोवती फिरतात, म्हणून सल्ल्याची सुरुवात इथून केली.

आधी सूर्याचं वेळापत्रक. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकत येतो आणि महाराष्ट्रात गावोगावी वेगवेगळ्या दिवशी दुपारी बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १४ मेच्या आसपास, नाशिकला २०-२१ मेला आणि जळगाव-नागपूरकडे २५-२६ मेला. त्या दिवशी सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच जिरते. सूर्य आपल्या जवळ येतो म्हणून उन्हाळा होतो, असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला. आपल्याकडचा उन्हाळा घडतो तो किरण सरळ पडण्याने आणि दिवस लांबल्याने.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, ७-८ जूनला मृगात, २१-२२ जूनला आर्द्रात. या तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात, कारण पावसाची नक्षत्रं ही सूर्याच्या जागेवरून ठरलेली आहेत. वाडवडिलांनी शेतीचं कॅलेंडर सूर्यावर बांधलं, हे त्यांचं शहाणपण. पण मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला, पाऊस आलाच असं नव्हे. सूर्याची तारीख चुकत नाही, पावसाची दर वर्षी हलते. दुबार पेरणीचं संकट बहुतेक वेळा या दोन तारखा एक मानल्यामुळे ओढवतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

नांगरट आणि ढेकळं

रब्बीचं रान अजून तसंच पडलं असेल तर ओल असेपर्यंत नांगरून घ्या. जमीन कडक झाल्यावर ट्रॅक्टरचं डिझेल जास्त जातं आणि ढेकळं दगडासारखी निघतात. नांगरट उताराला आडवी करा. नांगरल्यावर लगेच रोटाव्हेटर फिरवण्याची सवय पडली आहे, ती मोडा. ढेकळं उन्हात तापू द्या. जमिनीच्या वरच्या थरातले घाटेअळीसारख्या किडींचे कोष उघडे पडतात, काही उन्हाने मरतात, काही बगळे-साळुंक्या टिपतात. हराळीच्या काशा आणि कुंद्याची मुळं वर येऊन वाळतात. ती गोळा करून बांधाबाहेर टाका, नाहीतर पहिल्या पावसाला तीच पुन्हा फुटतात. वळवाची एखादी सर आली की ढेकळं आपोआप विरघळतात, मग कुळवाची पाळी हलकी जाते.

धसकटं पेटवू नका. आग लावून मिळतं ते काहीच नाही. जळतो तो सेंद्रिय कर्ब. आणि जिथे मातीचा थर वीतभर, खाली मुरूम, तिथे खोल नांगरटीच्या नादी लागू नका.

वळीव पडल्यावर दोन-तीन संध्याकाळी बांधावरच्या बाभळी आणि कडुनिंबाकडे लक्ष ठेवा. तापलेल्या जमिनीत पहिली ओल गेली की हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि अंधार पडता पडता या झाडांवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. ऊस आणि भुईमुगाच्या गावांत हे काम सगळ्यांनी मिळून केलं तरच उपयोग; एकट्याने केलं तर शेजारच्या बांधावरून पुन्हा येतात.

रोपवाटिकेचे वाफे उन्हाने शिजवून घ्या

मिरची, टोमॅटो, वांगी, खरीप कांदा यांची रोपं मर रोगाने कोलमडतात तेव्हा बुरशीनाशकाच्या आळवणीवर आळवणी केली जाते. त्याआधीचा स्वस्त उपाय मेमध्ये हाताशी असतो: मातीचं सौरीकरण. हे काम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर मृगापर्यंत वाफे तयार होतात.

वाफ्याची जागा दिवसभर उन्हात असली पाहिजे. कुजलेलं शेणखत आत्ताच मिसळा, माती भुसभुशीत करा, ढेकूळ किंवा काडी वर राहू देऊ नका आणि गादीवाफा सपाट ओढून घ्या. मग पाणी द्या, वीतभर खोल ओल जाईल इतकं. कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही आणि सुप्त पडलेल्या बुरशीला धक्काही लागत नाही. ओलीत ती जागी होते आणि त्याच अवस्थेत मरते. दुसऱ्या दिवशी पारदर्शक पॉलिथिन अंथरा, २५ मायक्रॉनचं, म्हणजे दुकानात ज्याला १०० गेज म्हणतात ते. काळा मल्चिंग पेपर इथे चालत नाही, कारण तो स्वतः तापतो आणि मातीला ऊन पोचू देत नाही. पारदर्शक कागदातून प्रकाश आत जातो, माती तापते आणि तिची उष्णता आतच अडकते. कागद मातीला चिकटून बसवा, मध्ये हवेची पोकळी नको. चारी कडा चर काढून मातीत दाबा.

काम नीट झालं की नाही हे दुसऱ्याच सकाळी कळतं. कागदाच्या आतल्या बाजूने बारीक थेंब दाटून बसलेले दिसले पाहिजेत, कडेपासून कडेपर्यंत. एखाद्या कोपऱ्यात कागद कोरडा आणि फडफडता असेल तर तिथून वाफ निसटते आहे. ती कड पुन्हा दाबा. कुत्र्याच्या पायाने छिद्र पडलं तर लगेच चिकटपट्टी लावा. असं चार ते सहा आठवडे ठेवायचं. पाच सेंटिमीटर खोलीवर उघड्या मातीपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमान रोज दुपारी मिळत राहतं. मर आणि मूळकूज करणाऱ्या बुरशा, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत), बहुतेक हंगामी तणांचं बी यावर त्याचा चांगला परिणाम होतो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र यातून वाचतात. त्या आधीच खणून काढा.

कागद काढल्यावर वाफा पुन्हा खोल हलवू नका. खालच्या थरातलं तणाचं बी वर आलं की सगळी मेहनत वाया. वरच्या वर रेघा ओढून बी टाका आणि ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत द्या, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेत चांगली बुरशी आधी वस्तीला येईल. वापरलेला कागद गुंडाळून ठेवा. शेतात त्याचे तुकडे राहिले तर ते कुजत नाहीत.

पाणी, फळबाग आणि शेततळं

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे चौरस मीटरवर सात युनिट ऊन पडलं आणि खाली नुसतं पाणी असलं तर दहा लिटरच्या आसपास वाफ होण्याची ताकद त्यात आहे. शेततळ्याला हा हिशेब लावून बघा. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून रोज दहा मिलिमीटर पाणी उडालं तर ९ हजार लिटर, जवळपास एक टँकर, रोज. तळं भरलेलं दिसतं म्हणून मेअखेरपर्यंत राखून ठेवण्यापेक्षा एप्रिलपासून बागेला टप्प्याटप्प्याने वापरलेलं बरं.

बागेत झाडाखालची माती उघडी ठेवू नका. उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, गवत, जे मिळेल त्याचा चार बोटं थर द्या. खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवीचं निमित्त होतं. ठिबक रात्री किंवा पहाटे चालवा. डाळिंबाच्या फळांना चट्टे पडतात ते बहुधा पश्चिम आणि नैऋत्य बाजूने, कारण दुपारनंतर तिरपं ऊन आणि तापलेली हवा एकाच वेळी लागते. केओलिन (पांढऱ्या चिकणमातीची भुकटी) लिटरला ५० ग्रॅम याप्रमाणे फवारलं तर पानाफळांवर पांढरा थर बसून ऊन परतवलं जातं. काढणीच्या तोंडावर असलेल्या बागेत हा थर धुवावा लागतो, तेव्हा वेळ बघून करा. केळीच्या घडांना त्याच झाडाच्या वाळलेल्या पानांनी झाका, आणि पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताची आडवण नसेल तर यंदा पावसाळ्यात लावा.

सौरपंपाचे पॅनेल सकाळी लवकर पुसा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. मेमध्ये ऊन कडक असूनही पंप थोडा मंद वाटतो, कारण पॅनेल जास्त तापलं की त्याची वीज कमी होते. बिघाड समजून लगेच उघडाउघड करू नका.

दुपारचे ढग

जमिनीलगतची हवा तापून वर चढते, त्यात ओल मिसळली की तीन-चार वाजेपर्यंत ढग उंच माजतात आणि वळीव येतो, कधी गारांसकट. म्हणून कांद्याची, हळदीची उघड्यावरची पोळ दुपारच्या आत झाकलेली असावी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप विजेचा इशारा देतं, ते मोबाईलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून आणि पाण्यातून बाहेर या, बैल झाडाला बांधलेले असतील तर गडगडाट सुरू होण्याआधीच सोडून गोठ्यात न्या. मजुरांना कामाची वेळ सकाळी लवकर द्या, अकरानंतर चारपर्यंत सुट्टी. उन्हाने माणूस पडला तर पेरणीची घाई कोणाच्या कामाची?

वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊ द्या

मोसमी वाऱ्यांनाही सूर्यच ओढून आणतो. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, पाकिस्तान आणि वायव्य भारतावर हवेचा दाब उतरतो आणि हिंदी महासागरावरची ओली हवा आपल्याकडे वाहू लागते. सर्वसाधारणपणे १ जूनला केरळ, १० जूनच्या आसपास मुंबई-पुणे, आणि मग पुढे मराठवाडा-विदर्भ. २१ जूनचा दिवस सर्वात मोठा असूनही मे जास्त तापतो तो यामुळेच, जूनमध्ये ढग ऊन अडवतात.

आता घाईचं बोलू. मेअखेर किंवा मृगाच्या आरंभी ३०-४० मिलिमीटर पाऊस होतो, वर ओल दिसते, आणि गावात पहिली तिफण (पेरणीचं औत) निघाली की सगळे मागे निघतात. पण दोन महिने तापलेल्या जमिनीत खाली उष्णता साठलेली असते. ढग सरकले की तीच जमीन आणि तेच डोक्यावरचं ऊन मिळून वरच्या दोन-तीन इंचातली ओल तीन-चार दिवसांत ओढून घेतात. सोयाबीनचं बी फुगतं, मोड येतो आणि सुकतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली जाईपर्यंत थांबा. कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत. शेतात खुरप्याने खणून बघा: वरची ओल आणि खालची जुनी ओल एकमेकांना भेटली का? मध्ये कोरडा पट्टा असेल तर पेरू नका. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ अॅपवर आपला जिल्हा निवडून वाचा. पुढचे चार-पाच दिवस उघडीप दाखवत असेल तर तोही थांबण्याचाच इशारा. कापूस जूनआधी लावू नका, गुलाबी बोंडअळीला लवकरचं खाद्य मिळतं.

थांबण्याच्या दिवसांत उगवण तपासा. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यात ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं नेहमीच्या मात्रेत चालेल. कमी असतील तर त्या प्रमाणात बी वाढवा, फारच कमी असतील तर बदला. सोयाबीनचं साल नाजूक असतं, ते सिमेंटच्या तापल्या खळ्यावर भर दुपारी वाळत घालू नका.

पाऊस लांबलाच तर किती थांबायचं, हेही सूर्यच ठरवतो. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतो, आणि सोयाबीन, तूर ही पिकं रात्र वाढू लागली की फुलावर येतात. उशिरा पेरलेलं सोयाबीन म्हणूनच बुटकं राहून लवकर फुलतं आणि शेंगा कमी धरतं. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको. सोयाबीन आणि कापूस फार तर १५ जुलैपर्यंत. उशीर झालाच तर ओळीतलं अंतर कमी करून बी थोडं जास्त वापरा. त्यानंतर बाजरी, सूर्यफूल, एरंडी किंवा बाजरीत तूर घ्या. उशिराची तूर उंच वाढत नाही, त्यामुळे तीही नेहमीपेक्षा दाट पेरावी लागते.