पिक्सेलवाला प्लॅटफॉर्मर करायचाय? आधी उडी जमवा

आमच्या मालवणात गेम बनवतो म्हटलं की पहिला प्रश्न मोबाईलचा काय, आणि दुसरा प्रश्न नोकरी खंय. मी तीन वर्षं संध्याकाळी काम आटपल्यावर एक टूडी ॲक्शन प्लॅटफॉर्मर बनवतोय, जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमसारखा, उड्या मारा, तलवार चालवा, लेवल संपवा. आजूबाजूच्या चार-पाच पोरांनी विचारलं की सुरुवात कुठून करू, प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगून होतं म्हणून इथे एकदाच नीट लिहितोय.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो कारण ती जवळपास सगळे करतात. मी चित्रांपासून सुरुवात केली. आमच्या घरामागे जांभ्याचा गडगा आहे, ठरवलं पहिली लेवल त्याचीच, आणि १६ बाय १६ पिक्सेलच्या टाइलमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी लावून जमीन-भिंत करायच्या छोट्या चौकोनी चित्रात, जांभ्याचा चिरा बसवायला लागलो. चिऱ्याला भोकं असतात, पावसात त्यावर शेवाळ धरतं, कडा झिजून गोल होतात, मी प्रत्येक भोक काढत बसलो. एक टाइल सुंदर दिसायची पण तीच चाळीस वेळा शेजारी लावली की नुसती खरूज आल्यासारखी भिंत, पाय कुठे ठेवायचा तेच कळेना. शेवटी भोकं तीन-चार गडद पिक्सेलवर आणली आणि वरची कड सगळ्यात फिकट केली, तेव्हा कुठे जमीन जमिनीसारखी वाटली. यात आठ महिने गेले. आणि मग पहिल्यांदा हिरोला उडी मारायला लावली तर ती फुग्यासारखी तरंगत वर जायची आणि तशीच तरंगत खाली यायची. उडी सुधारली तशी तिची उंची बदलली, उंची बदलली म्हणून सगळ्या लेवल मोडाव्या लागल्या.

म्हणून सांगतो, पहिला महिनाभर हिरो म्हणजे एक साधा चौकोन ठेवा आणि फक्त उडीवर काम करा. मी गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. त्यातला ग्रॅविटीचा तयार आकडा अंदाजाने वरखाली करत बसू नका, उलटीकडून या. आधी ठरवा की उडी किती उंच आणि टोकाला पोचायला किती वेळ. समजा ४८ पिक्सेल म्हणजे तीन टाइल, आणि ०.४ सेकंद. उंचीची दुप्पट भागिले वेळ, हा सुरुवातीचा वेग, आला २४०. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, ही ग्रॅविटी, आली ६००. अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे हे, फक्त गोडोमध्ये वाय, म्हणजे उभं माप, खाली जाताना वाढतं म्हणून वेग उणे २४० लिहायचा. मग खाली येताना ग्रॅविटी दीडपट करा, म्हणजे ९००, आणि बटण लवकर सोडलं तर वरचा वेग निम्मा करा, म्हणजे छोटी उडी आणि मोठी उडी दोन्ही एकाच बटणावर येतात. एवढ्यानेच चौकोन जिवंत वाटायला लागतो, करून बघा.

पुढचं मला गणपतीत कळलं. घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरती झाल्यावर आठवीतल्या चुलत भावाला लॅपटॉप दिला आणि मागे गप्प बसलो. तो प्रत्येक वेळी फळीच्या अगदी टोकाला जाऊन उडी मारायचा आणि खाली पडायचा. चौथ्यांदा पडल्यावर चिडला, "मियां बटण दाबलंय, तरी तो उडाकच नाय!" मला वाटलं उशिरा दाबतोय. रात्री त्याचा खेळ रेकॉर्ड करून एकेक फ्रेम, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दिसतात त्यातलं एकेक, पुढे सरकवून पाहिला तर तो दोन-तीन फ्रेमच उशिरा होता, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, खेळण्याच्या नादात एवढं लक्षातच येत नाही, त्याच्या दृष्टीने त्याने बरोबरच दाबलं होतं. यावरचा उपाय जुना आहे, कोयोटी टाइम म्हणतात, पाय सुटल्यावर पण ०.१ सेकंदापर्यंत उडी चालू द्यायची. सेलेस्ट या २०१८ च्या गेममध्ये पण हाच आकडा आहे, त्यांनी हिरोचा कोड सगळ्यांना वाचायला खुला ठेवलाय, तो वाचाच, मला क्लासपेक्षा त्याने जास्त शिकवलं. तसंच जमिनीवर टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी द्या. दुसऱ्या दिवशी भावाला हे काहीच न सांगता परत खेळायला दिला, म्हणाला आज बटण बरा चलता हा.

आता चित्रं. रेट्रो म्हणजे नुसतं मोठाले पिक्सेल नाही, त्या काळच्या मशीनच्या मर्यादा समजून घ्या. निन्टेन्डोचं जे मशीन जपानात १९८३ ला फॅमिकॉम म्हणून आलं, आपल्याकडच्या कॅसेटवाल्या गेमची मशीनं बहुतेक त्याचीच नक्कल, त्यात स्क्रीन २५६ बाय २४० आणि एका स्प्राइटला, म्हणजे स्क्रीनवर हलणाऱ्या छोट्या चित्राला, तीनच रंग, चौथा पारदर्शक. त्यावरच्या मेगा मॅन या गेममध्ये हिरोच्या चेहऱ्यासाठी वेगळा स्प्राइट वर चिकटवून जास्तीचे रंग मिळवले होते. तुम्ही पण हिरोला तीन-चार रंगांत बसवून बघा, आकार किती स्वच्छ होतो ते कळेल. मी स्क्रीन ३२० बाय १८० ठेवली कारण सहापट केली की बरोबर १९२० बाय १०८० होते. आपल्या इथे १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप खूप आहेत, तिथे चौपट करून बाजूला काळी पट्टी राहू द्या पण सव्वाचारपट वगैरे ताणू नका, काही पिक्सेल जाड काही बारीक होतात आणि सगळी मेहनत वाया. आणि गोडोच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट करा, नाहीतर सगळं धुरकट. चित्र काढायला लिब्रेस्प्राइट किंवा पिस्केल फुकट आहेत, पैसे असले तर एसप्राइट घ्या.

तलवारीचा वार मला काही केल्या जोरदार वाटत नव्हता, तो मी दशावतारात शिकलो. जत्रेत रात्री राजा आणि राक्षसाचं युद्ध लागतं तेव्हा नीट बघा, वार करायच्या आधी हात मागे नेऊन क्षणभर थांबतात, मग पखवाजाच्या थापेवर पाय आपटून वार, आणि वार झाल्यावर परत थांबणं. वार स्वतः एकदम छोटा असतो, थांबण्याने तो मोठा दिसतो. मी तसंच केलं, तयारीच्या चित्राला जास्त वेळ, वाराचं एकच चित्र, आणि तलवार लागली की दोघांना ४ फ्रेम गोठवलं, सेकंदाचा पंधरावा भाग. फरक कानाने पण जाणवतो, आवाज तोच होता तरी.

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, एकदा असा तीन दिवसांचा लेवल गेला. तेव्हापासून गिट, म्हणजे कामाची प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकलो आणि रोज पेनड्राइव्हवर पण कॉपी. हे पहिल्या दिवसापासून करा.

पैशाचं विचाराल तर यावर अजून माझं घर चालत नाही, त्यामुळे शिक्षण किंवा नोकरी सोडून यात उडी मारू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानावर एक गेम टाकायची फी १०० डॉलर आहे, ती भरायच्या आधी एकच लेवलचा पूर्ण गेम बनवा, सुरुवात, एक बॉस म्हणजे मोठा शत्रू, शेवट, आणि इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर फुकट टाका. कामासाठी कुठे अर्ज केलात तरी ती लिंक दाखवता येते.

माझी आत्ता दुसरी लेवल चालू आहे, जेटीची. भरती आली की खालच्या फळ्या पाण्यात जातात आणि ओहोटीला परत वर येतात, आणि पाणी चढताना कुठली फळी अजून उभं राहण्यासारखी आहे ते दिसत नाहीये, परत तीच वरच्या कडेची भानगड. गणपतीपर्यंत झालं पाहिजे, भाऊ आता दहावीत गेलाय, पण फोनवर आधी तेच विचारतो.